फुटबॉल व्हिडिओ गेम, जपानी

जपानी कंपन्यांनी १९८५ ते सुमारे २००१ या काळात आर्केड यंत्रांसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या उभ्या किंवा मेजवजा यंत्रांसाठी, आणि घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या कन्सोलसाठी तयार केलेले फुटबॉलचे खेळ. कन्सोल हा मुख्यतः खेळांसाठीच बांधलेला संगणक होय. भारतात त्याला सर्रास ‘टीव्ही गेम’ म्हणत. त्यात खोचायच्या प्लास्टिकच्या डबीत फीत नसून स्मृतिचिप असली तरी तिचे नाव ‘कॅसेट’ असेच रूढ झाले, आणि हातात धरायच्या नियंत्रकाला मुले ‘रिमोट’ म्हणू लागली. या खेळांचा उगम ज्या देशात झाला तेथे त्या काळी फुटबॉल हा लोकप्रियतेत बेसबॉलनंतरचा खेळ होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले होते, तरी देशात व्यावसायिक लीग १९९३ पर्यंत नव्हती आणि विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत जपानचा संघ प्रथम उतरला तो १९९८ मध्ये. त्यामुळे या खेळांतील फुटबॉल मैदानावरून जितका आला तितकाच चित्रकथांमधून, दूरचित्रवाणीवरून आणि यंत्राच्या मर्यादांमधून घडला. त्याचे वेगळेपण मुख्यतः याच गोष्टीत आहे.

तेहकान या कंपनीचा ‘तेहकान वर्ल्ड कप’ (१९८५) हा आर्केडवरील आरंभीचा महत्त्वाचा खेळ होय. मैदान थेट वरून दिसत असे, आणि खेळाडूला पळवण्यासाठी दांड्याऐवजी यंत्रात अर्धवट बसवलेला एक चेंडू तळहाताने फिरवावा लागे. चेंडू जितक्या जोरात फिरवावा तितका पडद्यावरचा खेळाडू वेगाने धावे. पडद्यावरचा चेंडू लाथाडण्यासाठी एकच बटण पुरत असे. ही कंपनी पुढच्याच वर्षी टेकमो या नावाने काम करू लागली आणि घरच्या कन्सोलवरील फुटबॉलला तिनेच सर्वांत अनपेक्षित वळण दिले.

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि त्यावर निन्टेंडोचाच ‘सॉकर’ हा खेळ एप्रिल १९८५ मध्ये निघाला. त्यात निवडण्यासाठी सात देशांचे संघ होते आणि विश्वचषकाची मुख्य स्पर्धा तोवर न पाहिलेला जपान त्यांत निःसंकोच सामील होता. मात्र एका बाजूला अकराऐवजी सहाच खेळाडू होते आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेत शोधावे लागते. फॅमिकॉमच्या पडद्यावरची हलती चित्रे लहान तुकड्यांची बनत. प्रत्येक तुकडा आठ बिंदू रुंद असे, असे चौसष्ट तुकडे एकाच वेळी दाखवता येत, पण पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठांहून अधिक तुकडे उमटत नसत. खेळाडू ओळखू येण्याइतका मोठा काढायचा तर त्याला रुंदीत दोन तुकडे लागत. म्हणजे चार खेळाडू एका रेषेत आले की ओळ भरली. त्याच रेषेत पाचवा खेळाडू किंवा खुद्द चेंडू आला तर काहीतरी दिसेनासे होणारच. यावर आज्ञावली लिहिणाऱ्यांनी केलेला उपाय असा, की चित्रे रेखाटण्याचा क्रम दर वेळी बदलायचा, जेणेकरून एकच खेळाडू कायमचा लुप्त होण्याऐवजी सगळेच आळीपाळीने क्षणभर नाहीसे होतील. या काळातल्या खेळांत गोलपुढे गर्दी झाली की खेळाडू लुकलुकू लागतात ते यामुळेच. बेसबॉल किंवा टेनिस यांना ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण त्यांत एका जागी माणसे कमी किंवा ठरावीक अंतरावर उभी असतात. फुटबॉलच्या मात्र ती थेट मुळावर आली. ‘सॉकर’ची चाल संथ आहे आणि मध्यंतरातल्या नाचणाऱ्या मुलींपलीकडे त्यात लक्षात राहण्याजोगे थोडेच आहे, असे आज म्हणता येते, परंतु ज्या पायावर पुढचे खेळ उभे राहिले तो पाया हाच होता.

बावीस खेळाडू धडपणे दाखवता येत नाहीत हे मान्य केल्यावर फुटबॉलमधले नेमके काय राखायचे, हा प्रश्न उरतो. त्याची दोन अगदी भिन्न उत्तरे फॅमिकॉमवर मिळाली आणि कलादृष्ट्या या प्रकाराचे सर्वांत सकस काम तेच आहे.

पहिले उत्तर टेकमोचे. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रकथामाला १९८१ पासून एका लोकप्रिय साप्ताहिकात प्रसिद्ध होत होती. फुटबॉलवेडा शाळकरी मुलगा त्सुबासा हा तिचा नायक. तिच्यावरून टेकमोने एप्रिल १९८८ मध्ये त्याच नावाचा खेळ काढला. यात खेळणाऱ्याच्या बोटांच्या चपळाईला जवळजवळ काहीच काम नाही. त्सुबासाकडे चेंडू आला आणि प्रतिस्पर्धी आडवा आला की खेळ थांबतो आणि चेंडू पुढे काढायचा, सहकाऱ्याला द्यायचा की गोलवर मारायचा अशी यादी समोर येते. निवड केली की पडदाभर चित्रे झळकतात, संवाद उमटतात आणि निकाल लागतो. प्रत्येक कृतीला खेळाडूची दमछाक मोजणारे गुण खर्च होतात, खास फटक्यांना अधिक. म्हणून उत्तरार्धात नायकाच्या अंगी फटक्याचे बळ उरेल की नाही याचा हिशेब पहिल्या मिनिटापासून ठेवावा लागतो. म्हणजे हा फुटबॉल पळण्याचा कमी आणि निर्णयाचा अधिक आहे, व त्याचे नाते मैदानी खेळांपेक्षा कथाप्रधान भूमिका-खेळांशी जवळचे आहे. एकाच चित्रात दोन-तीनच माणसे दाखवायची असल्याने तुकड्यांच्या मर्यादेचा प्रश्नही आपोआप सुटला. अमेरिकेत हा खेळ १९९२ मध्ये ‘टेकमो कप सॉकर गेम’ या नावाने गेला, तेव्हा चित्रकथेतील चेहरे व नावे काढून दुसरी घालण्यात आली. आणि जी कथा वाचून जपानी मुले खेळाकडे वळत होती ती कथाच निघून गेल्यावर मागे जे राहिले ते विचित्र वाटले तर नवल नाही. जपानमध्ये मात्र मालिकेचा दुसरा भाग १९९० मध्ये आला आणि १९९२ पासून पुढचे भाग सुपर फॅमिकॉमवर निघाले.

दुसरे उत्तर टेक्नोस जपान या कंपनीचे. कुनिओ हा तिचा मारकुटा पण मनाचा सरळ शाळकरी नायक आधीच प्रसिद्ध होता. १९९० मध्ये त्याला फुटबॉलच्या मैदानावर उतरवण्यात आले. येथे खेळणाऱ्याच्या ताब्यात संघातला एकच गडी असतो, बाकीच्यांना तो पास दे किंवा गोलवर मार अशा आज्ञा देतो. नियम नावालाच. धक्का, लाथ, आडवे पाडणे सगळे चालते, पंच शिट्टी वाजवत नाही, आणि वारंवार मार खाल्लेला खेळाडू मैदानातच आडवा पडून राहतो. मैदानही सर्वत्र हिरवळीचे नाही; एके ठिकाणी बर्फ आहे आणि त्यावर खेळाडू घसरतात. परदेशी बाजारासाठी हाच खेळ ‘निन्टेंडो वर्ल्ड कप’ झाला आणि मूळच्या शाळासंघांचे देशांचे संघ करण्यात आले. पुढे १९९३ मध्ये आलेल्या ‘नेक्केत्सु सॉकर लीग’मध्ये वावटळी आणि विजाही खेळात उतरल्या. नियमांच्या पुस्तकाशी या फुटबॉलचे काही देणेघेणे नाही. तरी गल्लीत दोन दगडांचा गोल करून खेळणाऱ्या कोणाही मुलाला तो आपलाच वाटावा, इतका तो खेळामागच्या ईर्ष्येशी प्रामाणिक आहे.

नव्वदच्या दशकात गाजलेल्या, अधिक क्षमतेच्या सोळा-बिट यंत्रांनी, म्हणजे सेगाचा मेगा ड्राइव्ह (१९८८) आणि निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम (१९९०) यांनी, तुकड्यांची जुनी टंचाई दूर केली. सुपर फॅमिकॉमवर एका ओळीत आठांऐवजी बत्तीस तुकडे उमटू शकत. त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे पार्श्वभूमीचे सपाट चित्र फिरवून व लांबवून त्याला खोली असल्याचा भास देणे. ह्यूमन कंपनीच्या ‘सुपर फॉर्मेशन सॉकर’ने (१९९१) या सोयीच्या बळावर मैदान खेळाडूच्या पाठीमागून दाखवले. दृश्य देखणे होते. पण दोघे समोरासमोर खेळताना एकाला नेहमीच पडद्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे पुढचे मैदान न दिसता चढाई करावी लागे, हा दोष रचनेतच होता. १५ मे १९९३ रोजी दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली, ब्राझीलचा झिको आणि इंग्लंडचा गॅरी लिनेकर यांसारखे खेळाडू तिच्यात खेळू लागले आणि तिच्या नावाच्या कॅसेटी एकामागून एक निघाल्या. त्यांपैकी नामकोचा ‘प्राइम गोल’ आणि इपॉकचा ‘एक्साइट स्टेज ९४’ हे विशेष उल्लेखनीय आहेत. एसएनकेची ‘सुपर साइडकिक्स’ मालिका (१९९२ पासून) आर्केडवर गाजली; मोठे, ठळक खेळाडू आणि झटपट गोल हे तिचे बलस्थान.

या सगळ्यांवर मात केली ती कोनामी या कंपनीने. तिच्या ओसाका येथील शाखेने १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉमसाठी काढलेला खेळ परदेशात ‘इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर’ म्हणून ओळखला जातो. समालोचकाचा आवाज कॅसेटमध्ये बसवणे, पळण्यासाठी वेगळे बटण, आडवा पास आणि उंच पास यांतला स्पष्ट फरक या गोष्टींमुळे खेळात प्रथमच चाली रचता येऊ लागल्या. खऱ्या खेळाडूंची नावे वापरण्याचा परवाना नसल्याने नावे काल्पनिक होती; तरी ब्राझीलच्या संघातला ‘अलेजो’ हा कधीही अस्तित्वात नसलेला आघाडीवीर त्या देशात खऱ्या खेळाडूइतका लाडका झाला.

सेगाच्या ‘व्हर्चुआ स्ट्रायकर’ने (१९९४) आर्केडवर त्रिमितीय फुटबॉल आणला. सोनीच्या प्लेस्टेशनवर (डिसेंबर १९९४) कोनामीच्या टोकियो शाखेने १९९५ मध्ये ‘विनिंग इलेव्हन’ ही मालिका सुरू केली. शिंगो ताकात्सुका हे तिच्याशी दीर्घकाळ जोडले गेलेले नाव. प्लेस्टेशन २ वर ती युरोपात २००१ मध्ये ‘प्रो एव्होल्यूशन सॉकर’ या नावाने आली. अमेरिकी ‘फिफा’ मालिकेकडे परवाने होते, म्हणजे खरी नावे आणि खरे गणवेश होते. कोनामीकडे ‘रोबेर्तो लार्कोस’ नावाचा ब्राझीलचा बचावपटू, ‘मर्सीसाइड रेड’ नावाचा लिव्हरपूलसारखा संघ आणि ‘ऑरेंजेस ००१’ अशा क्रमांकांनी ओळखायचे डच खेळाडू होते. तरीही चेंडू हा खेळाडूच्या पायाला चिकटलेला नसून स्वतंत्र वस्तू आहे, ही जाणीव बोटांना करून देण्यात त्या काळी कोनामीचा हात धरणारे कोणी नव्हते. नावे काय, खेळणारे स्वतः दुरुस्त करून स्मृतिपत्रावर (मेमरी कार्डावर) साठवत.

भारतात हे खेळ सरळ मार्गाने फारसे आले नाहीत. निन्टेंडोचे यंत्र ‘समुराई’ या नावाने विकले गेले आणि सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत मेगा ड्राइव्ह आणला, पण सुमारे १८,००० रुपये किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. घरोघरी पोचली ती फॅमिकॉमची परवान्याविना केलेली स्वस्त नक्कल आणि तिच्यासोबत एकाच कॅसेटमध्ये डझनांनी खेळ कोंबलेली ‘इतके इन १’ कॅसेट. अशा कॅसेटमध्ये थोडी स्मृती लागणारे आरंभीचे खेळच मावत, म्हणून जपानमध्ये मागे पडलेला १९८५ चा ‘सॉकर’ भारतात नव्वदच्या दशकातही खेळला जात राहिला. कुनिओचे खेळ मोठे असल्याने ते सहसा स्वतंत्र कॅसेटवर येत. आणखी एक फरक वेगाचा. जपानी यंत्र सेकंदाला साठ चित्रे दाखवी, तर भारतीय प्रक्षेपणपद्धतीला जुळवलेल्या नकला पन्नास. परिणामी तोच सामना येथे मुळापेक्षा एक षष्ठांशाने संथ चाले, आणि ज्यांनी मूळ पाहिलेच नव्हते त्यांना तीच खरी चाल वाटे. कोल्हापूर किंवा गोवा येथे तालमी आणि क्लबांमुळे फुटबॉल मैदानावरच शिकला जातो. धार, देवास, इंदूर या माळव्यातील मराठी वस्तीच्या शहरांची गोष्ट निराळी; होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ दरम्यान चार वेळा रणजी करंडक जिंकलेल्या या प्रदेशावर पगडा क्रिकेटचा. अशा ठिकाणी विश्वचषकाचे दूरदर्शनवरील प्रक्षेपण आणि टीव्ही गेम याच फुटबॉलच्या दोन सहज उपलब्ध वाटा होत्या, आणि बेसबॉलच्या देशात घडलेला हा फुटबॉल क्रिकेटच्या मुलखात परका वाटला नाही.

टेक्नोस जपान १९९६ मध्ये बंद पडली आणि कोनामीने २०२१ मध्ये आपल्या मालिकेचे नाव ‘ई-फुटबॉल’ असे बदलले. ‘नेक्केत्सु सॉकर लीग’ नकली कॅसेटवर ‘गोल ३’ या नावाने अनेक देशांत वर्षानुवर्षे खेळला गेला. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आर्क सिस्टिम वर्क्स या कंपनीच्या अठरा खेळांच्या संग्रहातून प्रथम निघाली ती फेब्रुवारी २०२० मध्ये, मूळ खेळानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षांनी.