जुना संगणक आणि बिनतारी जाळें

चाळीस वर्षांपूर्वींचा संगणक आजच्या घरांतील बिनतारी जाळ्याला जोडतां येईल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं हौशी माणसांच्या करमणुकीचा वाटतो. परंतु त्याच्या पोटांत अर्ध्या शतकाचा इतिहास दडलेला आहे, आणि तो इतिहास पाहिल्यावांचून जुन्या यंत्राची खरी अडचण कोठें आहे हें उमगत नाहीं.

संगणकानें तारेवांचून बोलावें ही कल्पना ‘वाय-फाय’ ह्या नांवाहून बरीच जुनी आहे. हवाई विद्यापीठाच्या शाखा पॅसिफिक महासागरांतील निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या. मोठा संगणक मात्र ओआहू बेटावर, होनोलुलू येथें. दूरच्या विद्यार्थ्यानें तो वापरावा कसा? प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन व त्यांचे सहकारी यांनीं टेलिफोनच्या तारांचा नाद सोडून रेडिओच्या लहरींचा आश्रय केला, आणि १९७१ च्या जून महिन्यांत ‘अलोहा’ नांवाचें जाळें सुरू झालें. त्याची रीत गांवच्या सभेसारखी होती. ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावें. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर पोंच येत नाहीं असें पाहून प्रत्येकानें आपापल्या मनानें थोडा वेळ थांबावें आणि पुन्हां बोलावें. पुढें रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं हीच कल्पना सुधारून तारेवर आणली व ‘ईथरनेट’चा पाया घातला. बिनतारी जाळ्यानें तारेच्या जाळ्याला धडा द्यावा, हा क्रम मोठा मौजेचा आहे.

ह्या अलोहांतील एक गोष्ट विसरूं नये. विद्यार्थ्याच्या पुढ्यांतील टर्मिनल-यंत्रांत कांहींहि फेरफार केलेला नव्हता. त्याच्या शेजारीं एक पेटी ठेवलेली असे. तींत लहरी पाठविण्याघेण्याची योजना आणि ऐशीं अक्षरांची एक ओळ सांठविण्यापुरती स्मृति. टर्मिनल आपलें नेहमींच्या दारानें बोले. पुढचें सारें ती पेटी पाहून घेई.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यांत सांगतां येईल. १९८५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण-आयोगानें लहरींचे कांहीं पट्टे अशा यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळे केले. १९९७ मध्यें बिनतारी जाळ्याचें पहिलें सर्वमान्य प्रमाण ठरलें, तें सेकंदास एक ते दोन मेगाबिट वेगाचें. दोनच वर्षांनीं वेग अकरावर गेला, आणि ॲपल कंपनीनें १९९९ च्या जुलैमध्यें आपल्या ‘आयबुक’ संगणकांत असें कार्ड बसविण्याची सोय केली. भारतांत ह्याच कामाचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ सालीं परवान्यांतून मुक्त झाला. घरांत नभोवाणीचा संच ठेवावयाचा तरी सरकारी परवाना लागे, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हा फरक अधिक जाणवेल.

आतां अडचणीचें मूळ. लहरी भिंत ओलांडून रस्त्यावर जातात, म्हणून जाळ्याला गुप्त लिपीचें कुलूप हवेंच. पहिल्या प्रमाणांत ‘वेप’ नांवाचें कुलूप होतें. त्याची किल्ली मूळची अवघ्या ४० बिटांची. मजकुराच्या प्रत्येक पुडक्याबरोबर किल्लीला एक बदलता आंकडा जोडला जाई. पण हा आंकडा २४ बिटांचा असल्यामुळें त्याच्या किमती एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपासच होत्या. गजबजलेल्या जाळ्यावर त्या कांहीं तासांतच संपून तेच आंकडे पुन्हां येऊं लागत. २००१ सालीं फ्लूरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघांनीं त्या लिपीची किल्ली बनविण्याच्या रीतींतच दोष दाखवून दिला. अशीं पुडकीं पुरेशीं गोळा केलीं कीं किल्ली हातीं येई.

पुढें जें झालें त्यांत शास्त्रज्ञांची कनवाळू वृत्ति दिसते. २००३ च्या सुमारास आलेलें ‘डब्ल्यूपीए’ हें दुसरें कुलूप मुद्दाम असें घडविलें होतें कीं, तें जुन्याच कार्डांवर नव्या आज्ञावलीनें चालावें. तें तात्पुरतें ठिगळ होतें; तें लावणाऱ्यांनाहि हें ठाऊक होतें. २००४ सालीं तिसरें, खरें भक्कम कुलूप आलें. त्याचें गणित पुष्कळ जुन्या कार्डांच्या चिपांना झेपेना. मॅक ओएस ९ वर चालणारें १९९९ चें आयबुक आजहि लहरी ऐकतें. पण त्याला पहिलेंच कुलूप ठाऊक, आणि आजचा राउटर त्या कुलुपानें दार उघडीत नाहीं. यंत्राचे कान शाबूत आहेत, फक्त परवलीचा शब्द बदलला आहे.

तेव्हां कित्येकांना सोपा मार्ग सुचतो: एका जुन्या यंत्रासाठीं साऱ्या घराचें कुलूप ‘वेप’वर उतरवावें. हा मार्ग घातक आहे. अमेरिकेंत टीजेएक्स ह्या कापडचोपडाच्या मोठ्या दुकानसाखळीचें बिनतारी जाळें ह्याच कुलुपावर विसंबून होतें. चोर आंत शिरले, आणि साडेचार कोटींहून अधिक गिऱ्हाइकी कार्डांचे आंकडे चोरीस गेल्याचें २००७ सालीं उघड झालें. घर लहान असलें तरी जाळ्यावर बँकेचे व्यवहार होतातच.

योग्य उपाय अलोहाच्या पेटीचाच आहे. ज्या जुन्या संगणकाला ईथरनेटचें दार आहे, त्याच्या शेजारीं एक लहानसा राउटर ग्राहकाच्या भूमिकेंत ठेवावा. तो एका बाजूनें नव्या कुलुपाची भाषा बोलतो, दुसऱ्या बाजूनें साधी तार देतो. जुन्या यंत्राला आपण तारेनेंच जोडलों आहों असें वाटतें.

परंतु १९८२ च्या कमोडोर ६४ सारख्या यंत्राला ईथरनेटहि नव्हतें. त्याला ठाऊक होता टेलिफोनचा मोडेम. हेज कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या मोडेमला ‘एटी’ ह्या दोन अक्षरांनीं सुरू होणाऱ्या आज्ञा कळत. ‘एटीडीटी’ लिहून पुढें क्रमांक लिहिला कीं मोडेम तो फिरवी. २०१४ सालीं शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप बाजारांत आली, आणि हौशी मंडळींनीं तिला हेजच्या मोडेमचें सोंग आणावयास शिकविलें. आतां ‘एटीडीटी’पुढें टेलिफोनच्या क्रमांकाऐवजीं दूरच्या संगणकाचें नांव लिहावयाचें. कुलूपकिल्ली, पत्ता शोधणें, सारें ती चिपच करते. कमोडोरच्या घड्याळाचा ठोका सेकंदास सुमारें दहा लाख, तर चिपचा आठ कोटी. चाकर धन्याहून ऐशीं पट चपळ! एक सावधगिरी मात्र हवी. चिप ३.३ व्होल्टवर चालते, कमोडोरच्या दारांतून ५ व्होल्ट येतात, आणि जुन्या पीसीच्या दारांतून उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत दाब येऊं शकतो. मध्यें दाब उतरविणारी योजना नसेल, तर चिप जळण्याची भीति असते.

इतकें करूनहि आजचीं बहुतेक संकेतस्थळें ह्या यंत्रांना बंदच राहतात, कारण तेथें दुसरें कुलूप आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्या २०२१ सालीं प्रमाणांतून रीतसर बाद झाल्या. उघडीं राहतात तीं जुन्या धर्तीचीं मजकुराचीं फलकस्थानकें. तीं आजहि कांहीं ठिकाणीं चालू आहेत. कमोडोरचा पडदा चाळीस अक्षरें रुंद आणि पंचवीस ओळी उंच, म्हणजे एक हजार अक्षरांचा. सेकंदास २४०० बिटांच्या वेगानें तो भरावयास चार सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागतो, आणि अक्षर वाचीत असतांनाच पुढचें अक्षर उमटत जातें.