गिरणगांवचा रविवार

रविवारची सकाळ शहरांतल्या सुशिक्षित घरांत जरा उशिरानेंच उजाडते. चहा दुसऱ्यांदा होतो, तेलाची वाटी बाहेर येते, कोणी फिरावयास निघतो, कोणी नुसताच आरामखुर्चींत पडून राहतो. ही सुट्टी इंग्रजांबरोबर आली आणि आपोआप सर्वत्र पसरली, असा पुष्कळांचा समज आहे. कचेरींतल्या कारकुनापुरता तो खराही असेल. परंतु त्याच मुंबईंत, त्याच राज्यांत, गिरणींतल्या माणसाला रविवार ठाऊक नव्हता.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली. पुढें तीस-पस्तीस वर्षें गिरण्यांतील कामाचें घड्याळ म्हणजे प्रत्यक्ष सूर्य. उजाडलें कीं यंत्रें सुरू, मावळलें कीं बंद. त्यामुळें उन्हाळ्यांत दिवस लांबला कीं मजुराचें कामही लांबे. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरविल्या. प्रौढांविषयीं मात्र त्यानें अवाक्षर काढलें नाहीं. सणावारीं गिरणी बंद राही. रविवारीं चक्रें थांबलीं तरी तीं पुसण्यासाठीं माणसांना जावेंच लागे, आणि त्यांत निम्मा दिवस सरे. अंगाला तेल लावण्याची किंवा दोन मैल मोकळ्या हवेंत चालण्याची फुरसद ज्याला नाहीं, त्याला आरोग्याचे नियम शिकविणें ही थट्टाच होय.

हें ज्यांनीं ओळखलें, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव पहिलें. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून ते मुंबईंत चालवूं लागले. सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें कामगारांच्या सभा भरल्या, आणि साडेपांच हजार सह्यांचें निवेदन सिद्ध झालें. त्यांतील मागण्या पाहिल्या तर त्यांचा माफकपणाच मनाला लागतो. आठवड्यांतून रविवारचा एक पूर्ण दिवस विसावा. दुपारीं अर्धा तास सुट्टी. सकाळीं साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. वेतनवाढीचा त्यांत शब्दही नाहीं. मागितला तो मुख्यतः वेळ.

तो मिळावयास सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, तींत दोन कामगार स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीं कायद्यानें साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांवर शिक्कामोर्तब झालें. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. घाटावरच्या माणसाला परकीयांचा हा वार परका वाटण्याचें कारणच नव्हतें.

आणि मग या दिवसाचें त्यांनीं केलें काय? दूर जाण्यास पैसा नव्हता; जें करावयाचें तें आपल्याच वाडींत. चाळीच्या एका खोलींत दहा-दहा माणसें पाळीपाळीनें झोंपत. तेव्हां अंग मोकळें करावयास जागा ती तालमीचीच. तळमजल्याच्या एखाद्या खोलींत तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती, कोपऱ्यांत मारुति, भिंतीशीं मुद्गल. जोर-बैठका मारून घाम निथळला कीं, आठ दिवसांचा फुफ्फुसांत सांठलेला कापूसच बाहेर पडल्यासारखें वाटत असावें. पटांगण सांपडलें तर हुतुतू, रात्रीं भजन. या तालमींना नुसत्या पुण्यस्थानांचा रंग देणें मात्र बरोबर नाहीं. मुकादमाचें वजन, दादांची दहशत, मारामाऱ्या हेंही तेथलेंच. तरीही गांवापासून तुटलेल्या माणसाला आपल्या शरीरावर आपला हक्क आहे असें वाटावें, अशी दुसरी जागा त्याला नव्हती.

मिळविलेला वेळ टिकविणेंही सोपें नव्हतें. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्याचाही आधार सुटला. मावळतीनंतरही यंत्रें चालूं लागून कामाचा दिवस चौदा तासांच्या घरांत गेला. विजेचें कौतुक करणाऱ्यांनीं ही बाजू क्वचितच सांगितली आहे. प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानें. १९२२ मध्यें अकरा, १९३४ मध्यें दहा आणि १९४६ मध्यें नऊ तास झाले. दिवसाकांठीं एकेक तास सुटण्यास दहा-बारा वर्षें!

सुटलेल्या तासांना निवारा हवा होता. १९११ सालीं ना. म. जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि रात्रशाळा व वाचनालयें कामगारवस्तींत नेलीं. १९३९ पासून मुंबई सरकारनें कामगार कल्याण केंद्रें उघडलीं. १९५३ च्या कायद्यानें त्यांस स्वतंत्र निधि मिळाला. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही सोय असणें, हेंच तिचें मर्म.

स्त्रियांच्या वांट्याला रविवार उशिरा आला. १८९१ च्या कायद्यानें त्यांचें काम अकरा तासांवर आणलें खरें. परंतु सुट्टीच्या दिवशीं आठवड्याचे कपडे नळावर त्यांचीच वाट पाहत. नवऱ्याची तालीम आटोपे, तेव्हां चुलीपाशीं तिची दुसरी पाळी सुरू झालेली असे. त्या सभेंत बोलावयास उभ्या राहिलेल्या त्या दोघींच्या घरीं पुढच्या रविवारीं कपडे कोणीं धुतले असतील, हें सांगावयास फारशी कल्पना लागत नाहीं.