बीबी का मकबरा
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या उत्तरेस असलेली मोगल उद्यानसमाधी. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूच्या बांधकामाचे श्रेय सामान्यतः पुत्र आजमशाह याला दिले जाते. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी संबंधित उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र होता. समाधीभोवती चारबाग, म्हणजे पाण्याच्या पाटांनी व पायवाटांनी चार भागांत विभागलेली बाग, आहे. संगमरवर मुख्यतः भिंतींच्या खालच्या पट्ट्यात व घुमटाला वापरलेला असून उर्वरित काळ्या पाषाणावर चुन्याचा घोटीव गिलावा व त्यातच घडविलेली नाजूक नक्षी आहे, आणि हे गिलाव्याचे काम इतके सरस आहे की वास्तूला ताजमहालाची केवळ दुय्यम प्रतिकृती ठरविणे अन्यायाचे होते. कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत असून अभ्यागतांना ती वरून पाहावी लागते. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांना मनमाडमार्गे शहर गाठता येते. स्थानकापासून रिक्षाने मकबऱ्याला जाता येते. दुपारच्या उन्हात पांढरा गिलावा डोळ्यांना दिपवतो, म्हणून सकाळची वेळ अधिक सोयीची असून जवळची पाणचक्कीही त्याच फेरीत पाहता येते.