एका दगडातले दोन जीव

नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मँगनीजच्या खाणीत एक जड, काळपट दगड सापडतो. लोहचुंबक त्याला चटकन चिकटते. भूगर्भ-सर्वेक्षण खात्यातले लुईस फर्मोर यांनी आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबुर्ग यांच्या नावावरून त्याला ‘व्रेडेनबुर्गाइट’ असे नाव दिले. १९०९ साली फर्मोरसाहेबांचा हिंदुस्थानातील मँगनीजवरचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात या दगडाचे वर्णन आहे. एवढे कोणी लिहीत असता बाकीच्यांना या मातीत फक्त टन दिसत होते. पोलाद घट्ट व्हावे म्हणून त्यात मँगनीज घालतात, आणि त्यासाठी नागपूर-भंडाऱ्याकडचा दगड आगबोटींनी विलायतेस जाई. १८९६ साली स्थापन झालेल्या विलायती कंपनीच्या खाणी १९६२ साली सरकारने घेतल्या; आजची ‘मॉयल’ ती हीच. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज बॅटरीच्या सेलांसाठी वापरतात, म्हणजे आपल्या घरी ते पूर्वीच येऊन गेले आहे!

पुढे त्या चुंबकी दगडाचे मोठे गमतीचे झाले. घासून, चकाकी आणून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तो एक खनिज नसून दोन खनिजांची गुंफण आहे असे आढळले. तापलेला असताना एकजीव, निवताना दोन झाले. एकात लोखंड अधिक, दुसऱ्यात मँगनीज अधिक. आमच्या बिद्रीसारख्या साखर कारखान्याच्या गावात हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच रसातून दाणे निराळे होतात नि मळी निराळी राहते.

अशीच एक गुंफण, पण याहून चकवणारी, मँगनीजच्याच दुसऱ्या कुळात निघाली. या कुळाला ‘मँगनाइट’ म्हणतात. (खाणीतल्या एका खनिजालाही हेच नाव आहे, त्याचा इथे संबंध नाही.) १९५० साली हॉलंडमधील आइंडहोवेन येथे, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, योंकर आणि व्हान सांटेन यांनी लॅन्थॅनम, मँगनीज व प्राणवायू यांच्या संयुगात कॅल्शियम, स्ट्राँशियम अशी धातुद्रव्ये मिसळून पाहिली. मूळ संयुग वीज धड वाहू देत नाही. परंतु लॅन्थॅनमचा सुमारे तिसरा हिस्सा बदलला की तेच द्रव्य थंड होताना एका ठराविक उष्णमानाला चुंबक बनते, आणि त्याच सुमारास त्यातून वीजही सुखाने वाहू लागते. दुसऱ्याच वर्षी झेनर यांनी उलगडा केला: शेजारच्या दोन मँगनीज अणूंची चुंबकी तोंडे एकाच दिशेला असली, तर मधल्या प्राणवायूवरून इलेक्ट्रॉन सहज पलीकडे जातो, तोंडे फिरली की वाट अडते.

उलगडा सुंदर होता, नि पुष्कळसा खराही. पण १९५५ साली अमेरिकेत ओक रिज येथे वोलन आणि कोहलर यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून पाहिले, तर काही नमुन्यांत दोन भिन्न चुंबकी रचनांच्या खुणा एकदमच उमटल्या. अशा वेळी पहिला संशय नमुना करणाऱ्यावर येतो: मिसळण नीट झाली नसेल, भट्टी कमी पडली असेल. हा संशय पुष्कळदा रास्त असतो, म्हणूनच तो धोक्याचा.

मग कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. १९९४ साली बेल प्रयोगशाळेतल्या जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगनाइटचा अतिशय पातळ थर चुंबकी क्षेत्रात ठेवला, तेव्हा त्याचा विजेला होणारा विरोध हजारपटीहून अधिक उतरला. एकदम धावाधाव सुरू झाली. गणकयंत्रांच्या तबकड्यांसाठी याचा उपयोग होईल अशी आशा होती. पण त्या प्रयोगाला कडाक्याची थंडी लागे आणि चुंबकी क्षेत्र पृथ्वीच्या लाखाहून अधिक पट. तो व्यापार काही जमला नाही.

ज्ञान मात्र जमले. १९९९ साली उएहारा, मोरी, चेन आणि चेआँग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले की एकाच तुकड्यात वीज वाहणारे व अडवणारे प्रदेश शेजारी शेजारी नांदतात. बेलडोंगरीच्या दगडातले दोन भाग घटकांनीच वेगळे आहेत. इथे घटक तेच, प्रमाण तेच, वागणूक तेवढी दोन तऱ्हांची! ओढ्यात दगड टाकत जावे, बराच वेळ पलीकडे जाता येऊ नये, आणि शेवटचे दोन-चार दगड पडताच कोरड्या पायांनी पार व्हावे, तसे वाहते प्रदेश एकमेकांना भिडले की वीज आरपार जाते. थोड्याशा चुंबकाने एवढा मोठा फरक का पडतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

दुसरे उत्तर ताणात आहे. मँगनाइटचा थर दुसऱ्या स्फटिकावर चढवतात. वाकळ शिवताना आखूड पटकूर लांब पटकुराला काठोकाठ जोडले तर ते ओढले जाते. तसे खालच्या स्फटिकातले अणू दूरदूर असले तर वरचा थर ताणला जातो, जवळ असले तर दाबला जातो. २००० साली मेरीलँड विद्यापीठात बिस्वास आणि सहकाऱ्यांनी दाखवले की थर बेटाबेटांनी वाढला, तर काठांशी ताण अधिक राहून तिथे वीज अडते आणि माथ्यावर वाहते. त्याच विद्यापीठात मँगनाइटवर काम करणाऱ्यांत पुणे विद्यापीठाचे प्रा. सतीशचंद्र ओगले होते. २००४ साली आन, लुकमन आणि बिशप यांनी गणिताने मांडले की स्फटिकातला ताणच दोन्ही प्रदेशांना शेजारी तगवून धरू शकतो. त्यासाठी नमुन्यात भेसळ असावीच लागते असे नाही. १९५५ सालच्या त्या दुहेरी खुणांकडे आता निराळ्या नजरेने पाहता येते.

आणि कोल्हापूर? इथल्या डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्राँशियमयुक्त मँगनाइटचे अतिसूक्ष्म कण तयार केले आणि २०१३ च्या सुमारास त्यांवरचे निबंध प्रसिद्ध केले. हेतू कर्करोगाच्या गाठीला आतून शेक देण्याचा. भराभर उलटसुलट होणाऱ्या चुंबकी क्षेत्रात हे कण तापतात. रोगी पेशींना साधारण ४२ ते ४५ अंशांची ऊब पुरते. त्याहून फार वाढली तर निरोगी शरीर पोळते. पण या द्रव्याचे चुंबकत्व ठराविक उष्णमानाला मावळते, आणि ते मावळले की तापणेही थांबते. स्ट्राँशियमचा वाटा बदलून तो आकडा खाली आणता येतो. विस्तवापाशी कोणी राखण बसवायला नको. राखण कणाच्या पोटातच आहे. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत.