रॉकेटखालची जमीन

११ ऑक्टोबर १९६८ रोजी अपोलो ७ तीन अंतराळवीरांना घेऊन फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून उडालं. ज्या तळावरून ते उडालं, त्या लाँच कॉम्प्लेक्स ३४वरून पुन्हा कधीच उड्डाण झालं नाही. याच तळावर २७ जानेवारी १९६७ला अपोलो १च्या यानाला आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी यांचा मृत्यू झाला होता. अंतराळाच्या इतिहासात या जागेची गोष्ट इथे संपते. जमिनीखाली मात्र ती चालूच राहिली.

रॉकेटच्या इंजिनात ग्रीसचा अंशही चालत नाही. सुटे भाग धुवायला तेव्हा ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, वापरत. हे द्रव तेल झटकन विरघळवतं आणि लगेच सुकतं. धुतल्यावर ते जमिनीवर सांडायचं. सॉल्व्हंट काय, उडून जातं, असाच त्या काळातला सर्वसाधारण समज होता.

काही उडालं, उरलेलं मुरलं. पेट्रोल भूजलावर तरंगतं, पण टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतं. ते भूजलातूनही खाली बुडतं, चिकणमातीच्या थरावर साचतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. त्यामुळे माणसाला कॅन्सर होतो, हे आता सिद्ध झालंय. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशोब करून पाहा: एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

१९८०मध्ये अमेरिकेत 'सुपरफंड' कायदा आला आणि अशा जागा साफ करायला सुरुवात झाली. पहिला उपाय सरळ होता: पाणी उपसा, वर आणून शुद्ध करा. १९९४मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशा ७७ जागा तपासल्या. त्यातल्या ६९ ठिकाणी ठरवलेलं लक्ष्य गाठलंच गेलं नव्हतं. तेलकट तवा नुसत्या पाण्याने विसळत बसावं, तसा हा प्रकार होता. पाणी बदलत राहतं, तेल जागचं हलत नाही.

मग वेगळा विचार पुढे आला. विष वर काढण्याऐवजी खालच्या खाली रासायनिकरीत्या जाळायचं, म्हणजे ऑक्सिडेशन करायचं. यातली केमिस्ट्री जुनीच होती. हेन्री फेंटन यांनी १८९४मध्ये केंब्रिजहून दाखवून दिलं होतं की हायड्रोजन पेरॉक्साइडला लोहक्षाराची जोड मिळाली की ते टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडेशन करतं. पण जमिनीत ओतलेलं पेरॉक्साइड फार टिकत नाही. पोटॅशियम परमँगनेट टिकतं, आठवडे किंवा महिनेसुद्धा.

परमँगनेट तुमच्या ओळखीचं आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये भरतात ते जांभळं द्रावण हेच. भारताशी त्याचं नातं तर आणखी जुनं. १८९०च्या दशकात आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी कॉलरा रोखायला विहिरींत परमँगनेट टाकण्याचा धडाका लावला होता. पाण्याचा जांभळा रंग टिकला की समजायचं, औषध पुरलं. साधारण शंभर वर्षांनी तेच औषध विहिरीच्याही खालच्या पाण्यात सोडायचं होतं. १९९०च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी टीसीईवर त्याचे मैदानी प्रयोग केले. कागदावर हिशोब छान बसतो: एक किलो टीसीईला सुमारे २.४ किलो परमँगनेट. उरतात कार्बन डायऑक्साइड, क्लोराइड आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड.

१९९९मध्ये ही गोष्ट पुन्हा लाँच कॉम्प्लेक्स ३४वर आली. शेजारी शेजारी तीन तुकडे आखले, प्रत्येकी ७५ बाय ५० फुटांचे. एकात परमँगनेट सोडलं, दुसऱ्यात विजेने जमीन तापवली, तिसऱ्यात वाफ सोडली. परमँगनेटच्या तुकड्यातलं सुमारे ८० टक्के टीसीई गेलं.

८० टक्के ऐकायला भारी वाटतं. पण वरचा २९ कोटींचा हिशोब आठवा आणि उरलेल्या पाचव्या हिश्शाला लावून पाहा.

तो हिस्सा का उरतो? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर कोड बरोबर होता, अडलं ते डिप्लॉयमेंट. द्रावण वाळूतून सहज वाहतं आणि चिकणमातीला वळसा घालतं. टीसीई मात्र नेमकं त्या मातीत शिरून बसलेलं असतं. शिवाय परमँगनेटला मित्र-शत्रू कळत नाही. मातीतला सेंद्रिय अंशही ते खातं, त्यामुळे २.४ किलोवर भागत नाही. तयार झालेला तपकिरी साका बारीक वाटा बुजवतो. मातीत क्रोमियम असेल, तर त्याचं जास्त विषारी रूप तयार होऊ शकतं. आणि द्रावण संपलं की चिकणमातीतलं टीसीई हळूहळू बाहेर झिरपतं. साफ दिसलेल्या बोअरमधले आकडे काही महिन्यांनी पुन्हा चढतात.

म्हणून ही पद्धत टाकाऊ ठरली नाही. ती आज जगभर वापरली जाते. फक्त एकदा द्रावण सोडून काम संपलं, असं कोणी मानत नाही. द्रावण सोडायचं, थांबायचं, मोजायचं आणि गरज पडली तर पुन्हा सोडायचं. कुठल्याही जागेच्या सफाईची बातमी वाचाल, तेव्हा किती टक्के विष गेलं एवढ्यावर थांबू नका. उरलेलं कुठे आहे आणि शेवटचं द्रावण सोडल्यानंतर किती महिने मोजणी चालू ठेवली, हेही विचारा. हँकिनना विहिरीत डोकावून रंग पाहता येत होता. चिकणमातीत डोकावायची सोय नाही.