तळटीप १४ : गावाबाहेरची तंबूची जागा

१४. फ्रान्समधल्या लहान गावांत ही जागा पुष्कळदा गावाचा कारभार पाहणारी पालिकाच चालवते. हिरवळीचा आखून दिलेला तुकडा, विजेची जोडणी, न्हाणीघर. काही ठिकाणी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले की सकाळी ताजा, कडक सालीचा पाव. १९३६ च्या कायद्याने तिथल्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि अशी निवांत सुट्टी साध्या नोकरदार जोडप्यांच्याही आवाक्यात आली. अशा जागेसाठी आपल्या आखाडा बाळापूरकरांनाही पाणकाठ दूर नाही. त्यांच्याच कळमनुरी तालुक्यात पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आले. इसापूरच्या पक्षी अभयारण्याची हद्द सोडून एखाद्या ग्रामपंचायतीने अशी जागा राखावी, असे आम्हाला मनापासून वाटते. – संपादक