उद्यान, अरण्य आणि गावठाण : चांदोलीच्या भूदृश्याचा इतिहास

‘राष्ट्रीय उद्यान’ ही संज्ञा मराठीत इतकी रुळली आहे की तिच्यातील विसंगती सहसा जाणवत नाही. संस्कृत काव्यपरंपरेत उद्यान म्हणजे माणसाने लावलेली, राखलेली बाग. वन आणि अरण्य त्याहून वेगळे. ‘नॅशनल पार्क’चा हा प्रतिशब्द सह्याद्रीच्या कड्यांना लागू झाला, तेव्हा ती भूमी बाग नव्हती आणि निर्मनुष्य अरण्यही नव्हती.

सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमांवरील चांदोलीचा सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. २०१० पासून तो कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. पश्चिमेस कोकणात उतरणारे कडे, माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे, उतारांवर दाट जंगल आणि तळाशी वारणेवरील धरणाचा वसंतसागर, असे त्याचे रूप आहे. परंतु हे रूप एकट्या निसर्गाने घडविलेले नाही. प्रचितगड आणि भैरवगड येथील घाटवाटांवर नजर ठेवीत. प्रचितगडाच्या पायथ्याचे शृंगारपूर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये सुर्व्यांकडून घेतले. या डोंगरपट्ट्यात उतारांवर नाचणी-वरी पिके, गवळी धनगरांच्या म्हशी माळांवर चरत आणि देवाच्या नावाने राखलेल्या राईला कोणी कुऱ्हाड लावीत नसे.

आधी धरणामुळे व पुढे संरक्षणामुळे येथील गावे उठली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यासही मनाई असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा क्षेत्रांतील वननिवासींचे हक्कही मान्य केले, पण तोवर चांदोलीचे उद्यान घोषित झाले होते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. वर्ड्‌स्वर्थने ज्या सरोवरप्रदेशावर कविता आणि प्रवासदर्शिका लिहिली, तो इंग्लंडचा लेक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तेथे आजही गावे आहेत, मेंढपाळ आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तो २०१७ मध्ये ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून आला; चांदोलीचा समावेश असलेला पश्चिम घाट २०१२ मध्ये ‘नैसर्गिक’ वारसा म्हणून. चांदोलीची जैवविविधता निर्विवाद आहे आणि तिचे रक्षण आवश्यकच होते. प्रश्न वर्गवारीचा आहे. एका डोंगराचे मानवी वाचन लिखित साहित्यात नोंदले गेले. दुसऱ्याचे वाचन बोलीत, स्थलनामांत आणि जात्यावरच्या गाण्यांत राहिले. त्यामुळे पहिल्याची संस्कृती दिसली, दुसऱ्याचा केवळ निसर्ग.

झोळंबी गाव उठले. सड्याला नाव मात्र राहिले. त्या नावामागचा पाठ ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आता सपाटीवरच्या पुनर्वसित वसाहतींत वृद्ध होत आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने चांदोलीकडे वळायचे, तर आरंभ या वसाहतींपासूनच केला पाहिजे.